अर्धी लाही

सोलापूर पुढच्या दहा वर्षांत कुठं वाढेल आणि कुठं वाळेल, हे ज्या जिवाला विचारलं जायचं, त्याला डोकं नव्हतं. डोळे, कान, हाडं, रक्त, यातलंही काही नव्हतं. ओला, मऊ, हळदीसारखा पिवळाधमक असा तो जीव. शास्त्रातलं त्याचं नाव लांबलचक आणि जिभेला वळसे देणारं. म्हणून नियोजन कक्षातले शिपाई त्याला 'पिवळी' म्हणू लागले आणि मग साहेबलोकांनीही तेच नाव उचललं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पद्माबाई गड्डम हातात एक पत्र घेऊन त्या पिवळीसमोर येऊन उभ्या राहिल्या. पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत त्यांची बालवाडी होती. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या घरांतली मुलं तिथं एका सतरंजीवर बसत. रांगेत हात कसे धुवायचे आणि शेजारच्याची भाषा कळली नाही तरी त्याच्याशी कसं खेळायचं, हे बाई एकतीस वर्षं शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेला मल्लिनाथ बिराजदार आता महानगराच्या नियोजन कक्षाचा प्रमुख होता.

"मल्लू, या पत्रावर सही तुझीच ना?"

मल्लिनाथ खुर्चीतून उठला. पस्तिशीचा, टक्कल पडलेला माणूस, पण बाईंसमोर त्याचे हात आपोआप पाठीमागं गेले. "सही माझी आहे, बाई. पण सांगितलंय हिनं."

खोलीच्या मधोमध, चार खाटा जोडून मांडाव्यात एवढा ओलसर पाट होता. त्यावर अख्खं महानगर उठावानं कोरलेलं होतं. मधे किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव, पूर्वेला जुन्या गिरण्या आणि विणकरांच्या गल्ल्या, दक्षिणेला विजापूर रस्ता, पश्चिमेला बाळे, आणि कडेकडेनं शहरात ओढली गेलेली गावं. जिथं पाचशे माणसं राहतात तिथं ज्वारीची एक कणी. तलावांवर आणि विमानतळावर मात्र दिव्याचा झगझगीत झोत सोडलेला. पिवळीला उजेड सोसत नाही, तिथून ती जात नाही. या सगळ्यावर तिच्या पिवळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं, आणि नीट पाहिलं तर ते जाळं हळूच फुगत होतं, हळूच बसत होतं.

"बाई, ही एवढी पसरलीय, पण आहे एकच पेशी," मल्लिनाथ म्हणाला. "खायला शोधत आधी चहूकडं जाते. मग एका कणीपासून दुसरीपर्यंत नळ्या तयार करते. तिच्या अंगातला रस त्या नळ्यांतून मागं-पुढं वाहतो. ज्या नळीतून रस जास्त वाहतो ती जाड होते. जिच्यातून कमी वाहतो ती आकसते आणि शेवटी मोडते."

"पायवाटेसारखं," बाई म्हणाल्या. "माणसं चालली तर वाट राहते, नाहीतर गवत येतं."

"तसंच. बसचे मार्ग, पाण्याच्या वाहिन्या, दवाखाने, शाळा, कुठं वाढवायचं न् कुठं आवरतं घ्यायचं, हे आम्ही आधी हिला विचारतो. कॉम्प्युटरलाही विचारतो, पण त्याला प्रत्येक रस्ता दुसऱ्या प्रत्येक रस्त्याशी ताडावा लागतो. ही सगळं एकदम करते. एखादी शीर तुम्ही कापा, सकाळपर्यंत दुसरी काढून दाखवते. हिच्यानंतर कॉम्प्युटर, मग समिती."

"आणि माणसांना कधी विचारता?"

मल्लिनाथनं टकलावरून हात फिरवला आणि पूर्वेकडं बोट दाखवलं. किल्ल्यापासून पूर्व भागाकडं जाणारी शीर दोऱ्याएवढी बारीक झाली होती.

"दोन वर्षांपूर्वी ही पेन्सिलीएवढी होती. आता वाळायलीय. तुमच्या पटावर नऊ मुलं आहेत, बाई. किमान पंचवीस लागतात. जूनपासून तुमची बालवाडी बंद, नऊ मुलं कुंभारी रोडच्या बालवाडीत जातील. गाडी येईल न्यायला."

"मल्लू, माझ्याकडं बेचाळीस पोरं बसतात."

"मग बाकीची तेहतीस कुठायत? पटावर नाहीत. कोण कुठं राहतं ते आम्ही फोनवरून मोजतो. आईबापाचे फोन पुण्यात आहेत आणि चार वर्षांच्या पोराला फोन नसतो. आमच्या लेखी ती पुण्यातच आहेत."

तेहतीस मुलं कुठं लिहिलेली आहेत ते पद्माबाईंना पक्कं ठाऊक होतं. ती त्यांच्या कपाटातल्या निळ्या वहीत होती, आणि ती वही त्यांनीच सुरू केली होती.

त्या वहीचं नाव 'पाहुण्यांची वही'. पूर्व भागातले माग थंडावले तशी तिथली तरणी पोरं-पोरी पुण्याला गेली. लग्नं झाली, मुलं झाली. दोघांच्या पाळ्या सांभाळत तान्हं वाढवणं जमेना, तेव्हा बाळ वर्षाचं झालं की सोलापूरला आजीकडं आणून ठेवायची रीत पडली. पहिलीच्या वेळेला ते परत पुण्याला जाई. पण पुण्यात घराजवळच्या शाळेत पहिलीची जागा मिळायची तर मुलाची तिथं सलग तीन वर्षांची नोंद हवी, असा नियम निघाला होता. इथल्या पटावर नाव चढलं की तिथलं आपोआप उतरे. म्हणून बारा वर्षांपूर्वी एक आजी हात जोडून म्हणाली होती, "बाई, नाव लिहू नका, नुसतं बसवून घ्या." बाईंनी घेतलं. एकाला घेतलं तसं दुसऱ्याला, आणि दुसऱ्यासारखं तेहतिसाव्याला. आसपासच्या बालवाड्यांतही असंच चाललं होतं. मायेपोटी सगळ्या बायांनी मिळून आपल्याच वस्तीची शीर पुसत आणली होती.

त्या वहीत एक नाव हासिनीचं होतं. हासिनी ही पद्माबाईंच्या लेकीची, श्रावणीची मुलगी. वय वर्षं पाच.

"मल्लू," बाई शेवटी म्हणाल्या, "हिचा एक तुकडा देशील का? पोरांना दाखवीन म्हणते."

मल्लिनाथनं ओल्या टीपकागदावर बोटभर पिवळी घेतली आणि स्वतःच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात घालून दिली. "उन्हात नका ठेवू. आणि बाई, पोरांना खाऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी बालवाडीतल्या बुटक्या बाकावर खिचडी वाढायचा मोठा ट्रे आला. बाईंनी त्यात ओला टीपकागद अंथरून शहर काढलं. मधे तळं, एक किल्ला, गिरणीची चिमणी, आणि रस्ते. त्यांच्या मदतनीस शहनाज मुलांना आवरत होत्या.

"ही कोण असेल?" बाईंनी झाकण उघडून विचारलं.

"हळद," अयान म्हणाला.

"शी," रेणू म्हणाली.

"अम्मम्मा, ही झोपलीय?" हासिनीनं विचारलं. शाळेत आजीला बाई म्हणायचं, हे तिला रोज सांगितलं जाई आणि रोज ती विसरे.

"झोपलेली नाही, बंगारू, सोनं माझं. हळू चालते, एवढंच. हिला डोकं नाही, पण हिला ताल कळतो. शास्त्रज्ञांनी काय केलं, हिच्यावर ठरावीक वेळानं गार वारा सोडला. वारा आला की ही थांबायची. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यांनी वारा सोडलाच नाही, तरी ही बरोबर त्या वेळेला थांबली."

"शहनाजआपाच्या मांजरीसारखी," अयान म्हणाला. "दूध यायच्या आधीच दारात बसते."

"अगदी तशी. मांजरीला डोकं आहे, हिला तेही नाही. आपल्याकडची जात तर मुद्दाम मंद केलेली आहे, आठवड्या-आठवड्यांचा ताल धरते. आता प्रत्येकानं एक लाही घ्यायची आणि काल संध्याकाळी जिथं जेवलात तिथं ठेवायची."

कणी चिमुकल्या बोटांत येईना म्हणून ज्वारीच्या लाह्या आणल्या होत्या. अयाननं दोनदा आपली लाही ठेवली आणि दोनदा उचलून तोंडात टाकली.

"अरे, शहर खायचं नसतं," शहनाज म्हणाल्या.

"एकच गल्ली खाल्ली," अयान म्हणाला.

बेचाळीस लाह्या पूर्व भागात दाटीनं बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं चपला न काढताच ट्रेकडं धावली. किल्ल्यापासून पूर्व भागाकडं पिवळीनं अंगठ्याएवढी जाड शीर काढली होती.

बाईंनी फोटो पाठवला. मल्लिनाथचा लगेच फोन आला. "बाई, बघून बरं वाटलं. पण समितीला लाह्या चालत नाहीत. आईबापांनी लिहून द्यावं की पोर इथं राहतं. तेहतिसातले सोळा जरी पटावर आले तरी शाळा वाचते."

"आणि त्या सोळांची पुण्याची जागा?"

"ती जाते," मल्लिनाथ हळू आवाजात म्हणाला. "माणूस एकाच ठिकाणी मोजायचा, असा नियम आहे."

दुसऱ्याच्या दारात जायचं तर सुरुवात आपल्या घरापासून, असं बाईंनी ठरवलं.

रोज संध्याकाळी साडेसातला श्रावणीचा फोन येई. ती पुण्यात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करी. तिकडं ती डब्याला फोन टेकवून जेवायला बसे, इकडं हासिनी पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून बसे. कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवून हासिनी आधी पडद्यापुढं धरे. तिकडून श्रावणी 'आऽम' करी. मग तिकडचा घास इकडं येई. असं रोजचं होतं.

जेवण झालं, हासिनी हात धुवायला गेली, तेव्हा बाईंनी फोन उचलला. "श्रावणी, हासिनीचं नाव इथं पटावर घेऊ का? शाळा बंद व्हायलीय."

"आणि तिकडची तीन वर्षांची नोंद?"

"मोडेल."

श्रावणीनं घास ताटात ठेवला. "म्हणजे जूनमध्ये तिनं यायचंच नाही, असं तुझ्या मनात आहे."

"मी शाळेचं बोलतेय."

"अम्मा, तू शाळेचं बोलतेस तेव्हा फक्त शाळेचं कधीच बोलत नाहीस. मी तुझी लेक आहे, तुझ्या वर्गातली पोर नाही."

पद्माबाईंनी एकतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. "थोडं तसंही आहे," त्या म्हणाल्या. "ती गेली की घर मोठं वाटेल मला."

"आणि मला इथं चार वर्षं मोठंच वाटतंय ते?" श्रावणी म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस साडेसातला फोन आला नाही. हासिनीनं तांब्यासमोर बसून एकटीनं भाकरी खाल्ली.

"बत्तीस घरं बाकी आहेत, बाई," शहनाज पातेलं घासता घासता म्हणाल्या. "आज निघायचं का?"

"नाही निघायचं. माझ्या पोरीला मी जे मागू शकले नाही ते दुसऱ्यांच्या पोरींना कुठल्या तोंडानं मागू? आईच्या ताटातलं पोर उचलून शाळा भरवायची नसते."

"मग शाळा गेली."

"गेली तर गेली," बाई म्हणाल्या, आणि दिवसभर मुलांच्या पाटीवरची अक्षरं त्यांना नीट दिसली नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. श्रावणीनं नुसता डब्याला फोन टेकवला आणि 'आऽम' केलं. हासिनीनं घास पुढं धरला. पद्माबाई स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत नव्या लाह्या मांडायच्या होत्या. प्रत्येक जण आपापली लाही ठेवून गेला. हासिनी मात्र लाही हातात घेऊन उभीच.

"काल कुठं जेवलीस, बंगारू?"

"दोन्हीकडं," हासिनी म्हणाली. "अम्मम्मा, पुणं कुठंय?"

"तिकडं. पश्चिमेला, पाण्याच्या माठाकडं."

हासिनीनं लाही मोडली. अर्धी पूर्व भागात ठेवली, आणि उरलेली अर्धी ट्रेच्या काठावरून पलीकडं, बाकाच्या लाकडावर, माठाच्या बाजूला ठेवली. ट्रेच्या बाहेर ठेवायचं नसतं, हे वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. मूल मन लावून काही करत असेल तर पूर्ण होईस्तो हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना नियम होता.

तेवढ्यात रेणू पुढं आली. "माझे पप्पापण फोनवर जेवतात," ती म्हणाली आणि तिनं आपली लाही उचलून मोडली. मग रांगच लागली. तेहतीस पाहुण्यांच्या तेहतीस अर्ध्या लाह्या बाकावर गेल्या. या धांदलीत अयानचा पाण्याचा पेला कलंडला आणि बाक ओला झाला. शहनाज फडकं घेऊन आल्या, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. पिवळीला ओल लागते."

सकाळी पिवळी ट्रेचा काठ चढून, बाकावर उतरून, माठाच्या बाजूच्या अर्ध्या लाह्यांपर्यंत पोचली होती. शहराच्या नकाशात न मावणारी ती शीर ट्रेमधल्या सगळ्या शिरांहून जाड होती.

या वेळी बाईंनी फोटो पाठवला नाही. "ये आणि बघ," एवढंच म्हणाल्या. मल्लिनाथ आला, लहानपणीच्या त्या बुटक्या बाकाशी गुडघे टेकून बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"आम्ही पाटाच्या कडेला शहर संपवतो," तो म्हणाला. "आणि एक माणूस एका जागी धरतो. नियमच तसा आहे."

"हिला कुणी सांगितला तो नियम?"

मल्लिनाथ हसला. लहानपणी चोरून खडू खाताना पकडला गेला की हसायचा तसंच. "बाई, पुण्याच्या नियोजन कक्षातही असाच पाट आहे. तिथले लोक म्हणतात, बालवाड्या बांधल्या, पण बाक रिकामे. पोरं कागदावर हजर, वर्गात नाहीत. आपल्याकडं वर्गात हजर, कागदावर नाहीत. दोघंही पूर्ण कणी एकाच जागी ठेवत बसलो."

"मग मोडा की कणी."

सांगायला सोपं होतं, करायला तीन महिने लागले. समितीत एका सदस्यानं विचारलं की माणसाचे तुकडे कसे मोजणार. दुसऱ्यानं विचारलं की अशानं शहराची हद्द उद्या मुंबईला जाऊन टेकेल. मल्लिनाथनं दोन्ही पाटांवर अर्ध्या कण्या मांडून दाखवल्या. पुण्याकडच्या बिनकामाच्या शिरा आकसल्या, पूर्व भागाची शीर भरली, आणि दोन्ही पाटांवर पिवळी कडेवरून एकमेकींच्या दिशेनं बाहेर झेपावू लागली. शेवटी 'अर्धी नोंद' एक वर्ष करून बघायचं ठरलं. मूल अर्धं इथं, अर्धं तिथं मोजायचं, आणि पहिलीच्या जागेला तीन वर्षांची अर्धी नोंदही चालायची. त्याला आई-बाप आणि आजी-आजोबा, दोघांची संमती हवी.

पहिला कागद पुण्याहून आला. त्यावर श्रावणीची सही होती, आणि सहीखाली बारीक अक्षरात, 'अम्मा, तुझी पण कर. घर तुझंच मोठं नाही.'

मे महिन्यात तेहतिसावी सही झाली. मल्लिनाथ स्वतः पट घेऊन आला. पूर्ण नऊ, आणि अर्धी तेहतीस म्हणजे साडेसोळा.

"साडेपंचवीस," तो म्हणाला. "किमान पंचवीस लागतात. अर्ध्या पोरानं वाचलात, बाई."

"आता शहनाजला विचार, अर्ध्या पोराला खिचडी किती द्यायची."

"अर्ध्या पोराची भूक अख्खी असते, साहेब," शहनाज पळी न थांबवता म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्हीच दोनदा वाढून घेतली होती."

जूनमध्ये हासिनी पुण्याला पहिलीत गेली. सात पाहुणे गेले, आठ नवे आले. घर मोठं वाटलं, पण बाईंना वाटलं होतं तेवढं नाही, कारण साडेसातला फोन तांब्याला टेकवायचं काम आता त्यांच्याकडं आलं होतं. एक आड एक शुक्रवारी श्रावणीची पाळी लवकर संपे. त्या दोघी दुपारची गाडी धरत आणि संध्याकाळी शाळेच्या दारात उतरत. घरी जाण्याआधी हासिनीला ट्रे बघायचा असे. आपली अर्धी लाही ती पूर्व भागात, चिमणीच्या शेजारी ठेवी आणि रविवारी जाताना उचलून खाऊन टाकी. ती जागा मग बारा दिवस रिकामी राही. मुलांना तिथं दुसरी लाही ठेवायला बंदी होती, आणि ही बंदी अयाननं घातली होती.

दिवाळी होऊन गेली. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी मुलं घरी गेल्यावर बाई ट्रेमधला टीपकागद ओला करायला आल्या आणि पेला हातात धरून थांबल्या.

चिमणीच्या शेजारी लाही नव्हती. बारा दिवस नव्हती. तरी पिवळीनं जवळच्या शिरेतून एक बारीक, ओलं बोट काढून त्या रिकाम्या जागेपर्यंत आणलं होतं आणि ती तिथं थबकून राहिली होती.

"शहनाज, इकडं ये. मांजर दारात बसलीय बघ."

शहनाज पदराला हात पुसत आल्या, वाकून बघितलं. "कुणी सांगितलं हिला?"

"कुणी नाही. ताल आहे तिला."

टेबलावरचा फोन वाजला. श्रावणीचा होता, मागं स्टेशनचा गोंगाट. "अम्मा, आम्ही निघालोय. हासिनी विचारतेय, लाही काढून ठेवलीस का?"

पद्माबाईंनी डब्यातून एक चांगली टपोरी लाही निवडली. "काढलीय," त्या म्हणाल्या. "पण लवकर या. इथं वाट बघणारी मी एकटी नाही."